तिसऱ्या वळणावरचा चहा

आमच्या मिस्त्रींच्या सदऱ्यावर चहा कुठं सांडलाय यावरून त्या दिवशी पोरं हवेत जाणार की भुईवरच भेळ खाऊन घरी परतणार, हे ठरायचं. हे सांगितलं की लोक हसतात. मीपण हसलो होतो. माझ्याकडं मेकॅनिकलचा डिप्लोमा होता, साखर कारखान्यातला आठ वर्षांचा अनुभव होता आणि नव्यानं राखलेली मिशी होती. या तिन्हींचा मिस्त्रींवर काडीचाही परिणाम झाला नाही. पहिल्याच दिवशी माझ्या ओठावर बोट रोखून त्यांनी विचारलं, "सायेब, ही येतीया का जातीया?"

सायेब म्हणायचे आणि त्याच दमात एकेरीवर यायचे. आमचे मालक सोडले तर जगातल्या कुणालाही त्यांनी अहो-जाहो केल्याचं मी ऐकलं नाही. सहलीबरोबर आलेले हेडमास्तर, सुट्टीवरचे फौजी, बंदोबस्तातले हवालदार, सगळ्यांना तू. गाडीला तर तूच. गाडी म्हणजे बागेतली रोलर कोस्टर. बोर्डावर ‘ड्रॅगन’ लिहिलं होतं, चार डबे होते आणि पहिल्या डब्याला फायबरचं तोंड होतं. त्या तोंडातले खालचे दात कुठल्याशा सहलीतल्या पोरांनी उपटून नेले होते, तेव्हापासून मिस्त्री तिला म्हातारी म्हणायचे. "म्हातारी आज कुरकुरतीया" असं सकाळी कानावर आलं की मी समजायचो, दुपारपर्यंत मला गुडघ्यावर बसून ग्रीस लावायचंय.

बाग आमची महामार्गाच्या कडेला, कराडहून कोल्हापूरकडं निघालं की मलकापूर मागं टाकल्यावर, दोन्ही बाजूंनी ऊस. मालक सांगलीकडचे, जैन, हळदीच्या व्यापारातले. मुलाकडं परदेशी गेले होते तेव्हा तिथं एका बागेत बसून आले आणि ते खूळ डोक्यात घेऊन परतले. इथं येऊन त्यांनी फायबरचे हत्ती उभे केले, होड्यांसाठी तळं खणलं आणि कुठल्यातरी दुसऱ्या राज्यात मोडीत निघालेली रोलर कोस्टर सात लॉऱ्यांत भरून आणली. हत्तीची सोंड आम्ही पाण्याचा नळ म्हणून वापरत होतो. तळ्यात बेडूक जास्त आणि होड्या कमी. चालत होती ती एकटी म्हातारी. तिच्यासाठी लोणंदपासून इस्लामपूरपर्यंतची पोरं मोटरसायकलवर तिघं-तिघं बसून यायची.

मिस्त्री जत्रेतले. उभी हयात आकाशपाळण्याबरोबर गावोगाव हिंडण्यात गेली. पालीची जत्रा, म्हसवडची जत्रा, औंधची जत्रा, जिथं जत्रा तिथं यांचा तंबू. मालकांनी त्यांना उचलून आणलं ते त्या सात लॉऱ्यांतला लोखंडाचा ढीग उभा करायला. कागदपत्रं होती, पण त्यात गाडीचं वय कुठंच नव्हतं. विकणारा म्हणाला दहा वर्षं. मिस्त्रींनी एका खांबाच्या बुडाशी बसून चाकूनं रंग खरवडला. वरचा हिरवा. त्याखाली पिवळा. मग निळा, मग पुन्हा पिवळा, मग लाल, मग एक विचित्र जांभळा आणि सगळ्यात खाली शेंदरी प्रायमर. बोटावर मोजून ते मालकांना म्हणाले, "आवं मालक, सा पुटं हायती. कुनीबी रंग तीन-चार वर्सांशिवाय काढत न्हाई. ही तुमच्या पोरापेक्षा थोरली हाय." मालकांचा मुलगा तेव्हा बावीसचा होता. विकणाऱ्यानं नंतर फोन उचलणं बंद केलं.

अशा गाड्या किती वर्षं टिकतात, हा प्रश्न मी नोकरीला लागल्यावर महिनाभर डोक्यात घेऊन फिरत होतो. एका कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला तर तो इंग्रजीत बरंच बोलला आणि शेवटी म्हणाला, ते देखभालीवर अवलंबून आहे. लाकडी असतील तर जपल्यावर शंभरीही गाठतात म्हणे, आणि लोखंडी असल्या तरी न जपता दहा वर्षांतही मरतात. म्हणजे माझ्या आजोबांबद्दल डॉक्टर जे सांगायचे तेच. मिस्त्रींना विचारलं तर त्यांनी बिडी विझवली आणि म्हणाले, "वरसं कशाला मोजतोस? सकाळी ती बरी हाय का न्हाई तेवडं बगायचं. उद्याचं उद्या."

आता चहाचं सांगतो. बाग दहाला उघडायची. नऊला गाडी एकदा रिकामी फिरायची, एकदा वाळूची पोती घेऊन. तिसरी फेरी मिस्त्रींची. पहिल्या डब्यात एकटे बसायचे, डावा हात दांडीवर, उजव्या हातात स्टीलचा पेला. पेल्याला आतून खिळ्यानं एक ओरखडा मारलेला होता. बरोबर त्या ओरखड्यापर्यंत चहा. थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. साखर दुप्पट, कारण डाग टिकला पाहिजे. अंगात पांढरा तीन बटनी सदरा. बटण दाबायला मी. दीड मिनिटात गाडी खाली यायची आणि मिस्त्री उतरून उन्हात उभे राहून स्वतःच्या छातीकडं बघायचे.

त्याचा हिशेब असा. पहिला उतार जबरदस्त होता, तिथं चहा पोटावर सांडायचाच, रुपयाएवढा डाग. म्हातारी कितीही निरोगी असली तरी तेवढा सांडायचाच. मी तिथं होतो त्या सगळ्या वर्षांत तो डाग एकदाही चुकला नाही. दुसरं वळण उजवीकडचं, तिथं धक्का बसला तर चहा डावीकडं, खिशावर. तिसरं वळण डावीकडचं, तिथं बसला तर उजव्या बाजूला, जिथं खिसा नसतो तिथं. फक्त पोटावर डाग म्हणजे गाडी पास आणि वहीत मिस्त्रींची सही. दुसरीकडं कुठं शिंतोडा दिसला की मिस्त्री पाना घेऊन चढायचे. मी पहिल्या महिन्यात मोजमापाची यंत्रं आणली, तक्ता केला, रोजच्या नोंदी केल्या. माझ्या यंत्राला जे आठवड्यानं कळायचं ते त्यांच्या सदऱ्याला त्याच सकाळी कळलेलं असायचं. मग मी तक्ता गुपचूप कपाटात ठेवून दिला.

या सगळ्याचा खरा त्रास काकूंना. काकू म्हणजे मिस्त्रींच्या मंडळी. बागेच्या मागं दोन खोल्यांत राहायच्या आणि रोज एक सदरा दगडावर आपटायच्या. मी पाणी प्यायला गेलो की ऐकवायच्या, "मानसं दारू पिऊन कापडं घान करत्यात, ह्यो बाबा च्या पिऊन करतोय. त्योबी न पिता." हे मात्र खरं होतं. फेरीनंतर पेल्यात राहिलेला चहा मिस्त्री कधीच प्यायचे नाहीत. हत्तीच्या पायाशी ओतून टाकायचे. त्यामुळं त्या हत्तीच्या एका पायाला मुंग्या कायमच्या लागल्या होत्या.

दुसरी गोष्ट तांबडा रंग. वर्कशॉपच्या दाराशी तांबड्या ऑइलपेंटचा डबा आणि त्यात कायमचा बुडालेला ब्रश. मिस्त्रींचा कायदा सोपा होता. एखादा बोल्ट ढिला सापडला तर आवळायचा, माफ. तोच बोल्ट पुन्हा ढिला सापडला तर काढायचा, तांबडा फासायचा आणि ड्रममध्ये टाकायचा. तांबडा लागलेली वस्तू पुन्हा बसवायची नाही, वरून देव जरी उतरला तरी. "येकदा माफी, दुसऱ्यांदा तांबडा." चाकं, पिना, साखळीच्या कड्या, सीटचे पट्टे, सगळ्यांना हाच न्याय. एकदा त्यांनी ऑफिसातल्या खुर्चीलाही फासला, कारण तिनं मला दोनदा पाडलं होतं.

खंडेनवमीला मालक सगळ्या पाळण्यांची पूजा घालायचे. म्हातारीच्या दातपडक्या तोंडाला झेंडूचा हार आणि लिंबू-मिरची. मालकांची गाडी गेटबाहेर पडली की मिस्त्री हार ठेवायचे आणि लिंबू तोडायचे. मी एकदा म्हटलं, "राहू द्या की, काय बिघडतंय?" तर म्हणाले, "लिंबू बांदलं की मानूस खाली वाकून बगत न्हाई. त्येला वाटतंय लिंबू बगतंय." त्या लिंबाचं सरबत मात्र त्यांनी मला पाजलं, वर थोडं मीठही घातलं.

जो सही करणार तो बसणार, हाही त्यांचाच नियम. एकदा तपासणीला एक साहेब आले. खालूनच मान वर करून बघितलं, रुमालानं घाम पुसला आणि पेन काढलं. मिस्त्रींनी पेन हातातून अलगद घेतलं, कानावर खोवलं आणि म्हणाले, "आदी बस." साहेबांचं वजन शंभरीच्या पुढचं आणि नुकतीच मिसळ खाल्लेली. ते म्हणाले, मला चक्कर येते. मिस्त्री म्हणाले, "मग सही कशाची करतोस? चक्करची?" अर्धा तास ओढाताण झाली, मालकांचा फोन आला, माझं ब्लडप्रेशर वाढलं. शेवटी साहेब बसले. खाली आले तेव्हा त्यांचा रंग हत्तीसारखा झाला होता, पण सही करताना त्यांनी प्रत्येक कलम बोट लावून वाचलं. जाताना मिस्त्रींशी हात मिळवला. त्यांना पुन्हा मात्र त्यांच्या ऑफिसनं आमच्याकडं पाठवलं नाही.

वर्कशॉपमध्ये एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. गाडीतून खाली पडलेल्या वस्तू त्यात. अकरा मोबाइल, कारण पोरं रील काढायला हात वर करायची आणि म्हातारी त्यांना हिसका द्यायची. एक जोडवं. एका पायाची चप्पल. एक कवळी, वरची. ती कवळी परत न्यायला कडेगावकडचे एक आजोबा चौथ्या दिवशी आले, तोंडावर उपरणं धरून. मिस्त्रींनी ती धुऊन, कागदात गुंडाळून दिली आणि त्यांना फुकट आणखी एक फेरी दिली. "आता दात खिशात ठीव आनि मोकळ्या तोंडानं वरड." आजोबा असे ओरडले की तळ्यातले बेडूक गप्प झाले.

दर वर्षी दिवाळी संपली की मालक गाडीच्या प्लॅटफॉर्मवर येऊन बसायचे. सूर्य कलायला लागला की त्यांना जेवून घ्यायचं असायचं, त्यामुळं बोलणं थोडक्यात. "मिस्त्री, अजून किती चालंल?" मिस्त्री दर वेळी म्हणायचे, "मी हाय तवर मी सांगतो. मी म्हनंन न्हाई, तवा न्हाई." मालक मान हलवायचे आणि निघायचे. म्हातारी गेली तर बाग जाणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. बेडूक बघायला तिकीट काढून कोण येतंय? त्यामुळं ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार ज्याच्याकडं, त्याच्या हातात आमची सगळ्यांची भाकरी होती. आणि नेमका तोच हात पुढं कापायला लागला.

आधी काडीपेटीत कळलं. बिडी पेटवताना तीन काड्या लागायला लागल्या, मग चार. मग नट बोटानं बसवताना भुईवर पडायला लागले. मी उचलून द्यायचो. मग सदऱ्यावर बारीक शिंतोडे दिसायला लागले, कॉलरवर, बाहीवर, जिथं कुठलंच वळण चहा फेकत नाही तिथं. मिस्त्री त्यांच्याकडं दुर्लक्ष करायचे, मीही करायचो. काकूंनी एकदा सदरा वाळत घालताना मला विचारलं, "आवं सायेब, आताशा डाग लय का?" मी म्हटलं, गाडी जुनी झाली काकू. त्यांनी दुसरा सदरा पिळायला घेतला.

मग तो पाडवा आला. दिवाळीतला पाडवा म्हणजे आमचा वर्षातला मोठा दिवस. बायकोनं मला सकाळी ओवाळलं आणि नवा शर्ट दिला, फिकट मोतिया रंगाचा, तिनं कापड निवडून शिवून घेतलेला. "त्या ग्रीसमध्ये लोळून आलात तर दारात उभं करणार नाही," म्हणाली. मी बागेत पोचलो तर साडेनऊलाच गेटवर रांग. मालक सहकुटुंब आलेले. मिस्त्रींची फेरी झाली. उतरून उन्हात उभे राहिले. पोटावर नेहमीचा डाग. आणि उजव्या बाजूला, जिथं खिसा नसतो तिथं, तळहाताएवढा.

"तिसरं वळान," मिस्त्री म्हणाले. "आज बंद."

मालकांनी गेटकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी हातोडी घेऊन तिसऱ्या वळणाखाली गेलो, शिडी लावून एकेक बोल्ट वाजवला. सगळे ठणठणीत वाजले. मी खाली आलो आणि मान हलवली. मालकांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नाही, आवाजही चढवला नाही. "मिस्त्रींचा हात कापतोय रे. मला दिसतंय, तुला दिसतंय. गाडीला काय झालंय?"

ते आम्ही हळू बोललो, पण मिस्त्रींचं सबंध आयुष्य बेअरिंग ऐकण्यात गेलेलं. ते जवळ आले. उजवा हात आमच्यासमोर धरला. हात खरंच हलत होता. "मालकांचं खरं हाय," ते म्हणाले. "हात कापतोय. मग ह्यो डाग म्हातारीचा का माजा, हे मला तरी कसं कळावं? सायेब, तू बस. तुजा हात थिर हाय."

त्यांनी स्वतः पेला भरला, दोन्ही हातांनी किटली धरून, ओरखड्यापर्यंत. मी पहिल्या डब्यात बसलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या हातात एवढं मोठं काहीतरी दिलं होतं आणि मी विचार कसला करत होतो? शर्टाचा. पोटावर रुपयाएवढा डाग, दुप्पट साखरेचा, मोतिया कापडावर, पाडव्याच्या दिवशी. बटण दाबायला मिस्त्री. साखळी गाडीला वर ओढायला लागली. तिथं गाडीचं तोंड उसाकडं असतं आणि पाठ बागेकडं. खालून कुणाला काही दिसत नाही. चहाचा वास येत होता. आपल्याकडं माणसाच्या हातात चहा दिला की तो पितो, त्यात विचार करायला लागत नाही. मी एक घोट घेतला. मग आणखी एक, मोठा.

खाली आलो तेव्हा शर्ट कोराकरकरीत. तिसऱ्या वळणाला काही जाणवलं का? जाणवलं असेल. मी पेल्याकडं बघत होतो, बाकी काही कळलं नाही. मालकांनी टाळी वाजवली. मिस्त्रींनी माझी कॉलर बघितली, बाह्या बघितल्या, छाती बघितली, पोट बघितलं. मग माझ्या तोंडाकडं बघितलं, बराच वेळ. मी म्हणालो, "कोरडाय."

ते वर्कशॉपकडं गेले. मी मागं गेलो. दाराशी त्यांनी डब्यातला ब्रश काढला, उजवा हात ठोकळ्यावर ठेवला आणि डाव्या हातानं मनगटापासून बोटांपर्यंत तांबडा रंग फासला, सावकाश, एकही जागा न सोडता. "ह्येला येकदा माफी केली हुती," ते म्हणाले, "दिवाळीच्या आदी. ही दुसरी खेप." मी म्हणालो, मिस्त्री, असं काय करताय. त्यांनी ब्रश परत बुडवला आणि सहीची वही माझ्या छातीवर टेकवली. "गाडीचं तुजं तू ठरीव. सही तुजी हाय." अर्ध्या तासात काकूंनी एक पिशवी भरली आणि दोघं महामार्ग ओलांडून पलीकडं गेले. तो तांबडा हात गर्दीत शेवटपर्यंत दिसत होता.

मी वही उघडली. पेनाचं टोपण काढलं. आणि मग जे लक्षात आलं ते माझ्यासारख्या डिप्लोमावाल्याच्या आधीच लक्षात यायला पाहिजे होतं. पहिल्या उताराचा डाग. तोसुद्धा नव्हता. सगळ्या वर्षांत न चुकलेला डाग माझ्या पोटावर नव्हता, म्हणजे माझी फेरी ही फेरीच नव्हती, चहापान होतं. हे मालकांना सांगायचं म्हणजे पेल्याचं सांगायचं, आणि नुकताच एक माणूस माझ्या त्या घोटांपायी हात रंगवून निघून गेला होता. माझ्यात ती हिंमत नव्हती. मी पॅनेल उघडलं, फ्यूज काढले, पँटच्या खिशात घातले आणि मालकांना जाऊन सांगितलं की मोटर जळली. "आजच?" मालक म्हणाले. मी म्हणालो, मोटरला पाडवा कळत नाही. रांगेतल्या पोरांनी मला माझ्या आई-बापांसकट ज्या शिव्या घातल्या त्या मला अजून पाठ आहेत.

दुपारी तिसरं वळण उघडलं. बाहेरून ठणठणीत वाजणारे दोन बोल्ट आतून पार खाल्लेले होते. पाना लावला तर एका हिसक्यात तुटून हातात आले. नवा शर्ट ग्रीसनं माखला होता. घरी गेल्यावर बायकोनं खरंच दारात थांबवलं, पण माझं तोंड बघून बाजूला झाली.

मिस्त्रींचं बरोबर होतं. हात कापत होता तरी डाग म्हातारीचाच होता. हे त्यांना सांगायला कडेगाव किती लांब? तासभर. कडेगावजवळच्या एका वाडीत लेकीकडं राहत होते, मला पत्ता ठाऊक होता. मी गेलो नाही. मला लाज वाटत होती, दुसरं काही कारण नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता दोन वर्षं गेली.

त्या दोन वर्षांत मी जो कोणी झालो त्याला मिस्त्रींनी ओळखलं नसतं. नवा पेला आणला, आतून ओरखडा मारला, जुना पांढरा शर्ट कपाटात ठेवला. रोज तिसरी फेरी माझी. ओठाला पेला लागला नाही. मला चहाचा वाससुद्धा नको झाला, घरी कॉफी प्यायला लागलो. संध्याकाळी एकेक बोल्ट हातानं तपासायचो, मग घरी जाऊन जेवता जेवता उठायचो आणि परत यायचो, कारण एखादा राहिला असं वाटायचं. बायको म्हणायची, त्या लोखंडाशीच लग्न करायचं होतं.

यंदा उन्हाळ्यात उजव्या बाजूला डाग पडला. तिसऱ्या वळणाच्या खांबालाच, वेल्डिंगच्या कडेनं, केसाएवढी चीर. वेल्डर आणून भरून घेतली, माफ. पावसाळा सरला, दिवाळी झाली आणि पुन्हा डाग. तीच चीर, शेजारून पुन्हा उगवलेली. मी वर्कशॉपमधून तांबडा डबा आणला आणि म्हातारीच्या दातपडक्या तोंडावर आडवा पट्टा ओढला. मालक आले, प्लॅटफॉर्मवर बसले, त्यांनी तो पट्टा बघितला. मला वाटलं आता ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "मिस्त्रींना सांगितलंस का?"

मग गेलो. मिस्त्री ओट्यावर बसले होते, लेकीनं समोर शेंगा टाकल्या होत्या. आता डावा हातही कापत होता, शेंग फोडायला वेळ लागत होता. हातावर रंग अर्थातच नव्हता. काकू म्हणाल्या, महिनाभर रॉकेलला हात लावू दिला नाही, आपोआप जाऊ दिला. मला बघून मिस्त्री म्हणाले, "सायेब, मिशी आली की रं." मी खाली बसलो आणि सांगितलं, म्हातारीला तांबडा लावला.

"मी निगून आल्यावर किती चालली?"

"दोन दिवाळ्या."

ते दुखावले. अगदी तोंडावर दिसलं. "माज्याबिगर दोन दिवाळ्या? निर्लज्ज हाय." मग शेंग ठेवून विचारलं, "कुटं गेली?" मी म्हटलं, तिसऱ्या वळणाचा खांब, दोनदा. "दोनदा व्हय? मग बराबर हाय. मग लावायलाच पायजे." त्यांनी मान हलवली आणि उसाकडं तोंड फिरवलं. मला वाटतं त्यांचे डोळे भरले होते, पण ऊनही डोळ्यांवर होतं.

मी म्हणालो, मिस्त्री, एक सांगायचंय. आणि सांगितलं. शर्ट, ऊस, घोट, दुसरा मोठा घोट, दोन खाल्लेले बोल्ट. तुमचा हात खरं सांगत होता आणि मी तो खोटा पडू दिला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "तुज्या मिशीला च्या लागला हुता. आनि प्वाटावर डाग न्हवता. मी काय आंदळा हाय व्हय?"

"मग गेलात कशाला?"

"हात कापत हुताच की. आज खरं बोलला, उद्या खोटं बोलला असता. त्येचा भरवसा सपला हुता." त्यांनी शेंगेचं टरफल खाली टाकलं. "आनि गेलो न्हाई लगीच. समोरच्या थांब्यावर बसलो हुतो, हिला घिऊन. म्हनलं, ह्यो सही करून गाडी सोडतोय का बगू. सोडली असतीस तर तसाच परत येऊन तुज्या टाळक्यात पाना घातला असता."

काकू म्हणाल्या, "तीन यष्ट्या सोडल्या ह्येंनी. उन्हात. मी म्हनतीया चला, तर ह्ये बसल्यात त्या लोखंडाकडं बगत. रांग पांगली, पोरं शिव्या देत भायेर आली, तवा म्हनाले, चल. त्येनं बंद ठिवली."

"चौथ्या यष्टीत बसलो," मिस्त्री म्हणाले. "घाबरलास तू, ते मला थांब्यावरनं कळलं. म्हनलं, आता ह्यो रोज घाबरंल. तितं घाबरनाराच मानूस पायजे."

दोन वर्षं मी जे ओझं घेऊन बोल्ट मोजत होतो, ते यांनी मला मुद्दाम देऊन ठेवलं होतं. रागही आला, रडूही आलं, आणि या दोन्हींच्या मध्ये काकूंनी चहा आणला. माझ्यासमोर तोच पेला ठेवला, आतून ओरखडा असलेला. ओरखड्यापर्यंत भरलेला.

"पी," मिस्त्री म्हणाले. "आता काय फेरी न्हाई."

मी उचलला. दोन वर्षांत पहिल्यांदा चहा तोंडाकडं नेत होतो आणि माझाच हात थरथरायला लागला. पेला हिंदकळला आणि पोटावर सांडला. काकू "अगं बाई" म्हणून फडकं आणायला वळल्या. मिस्त्रींनी मात्र मला हलू दिलं नाही. पुढं वाकले, चष्मा नाकावर सरकवला, माझ्या शर्टावरचा तो रुपयाएवढा डाग नीट बघितला आणि म्हणाले, "हां. ह्यो पैला उतार."